खालच्या नावाची लाज



मी भिवंडीत एका सायझिंगमध्ये बारा तासांची पाळी करतो. ताण्याच्या सुताला खळ लावायची, तापल्या सिलिंडरवर सुकवायची, बीम भरायचा. कच्चं केसाळ सूत खळीतून निघालं की ताठ होतं, चकाकतं, मागावर तुटत नाही. पुढं कापड धुतलं की खळ निघून जाते आणि सूत जसं होतं तसं उघडं पडतं. शाळा माझी नववीतच सुटली. तत्त्वज्ञानाची पुस्तकं मी रद्दीतून आणि विहारातल्या कपाटातून वाचली, तीही मधली पानं गेलेली. तरी एक प्रश्न सहा वर्षं डोक्यात घण घालतोय, तो तुमच्यापुढं टाकतो. चुकलो तर पुढच्या अंकात मला फाडा.

२०१९ साली मी कामधंद्याच्या शोधात मुंबईत होतो. वरळीच्या बी.डी.डी. चाळीत आत्याकडं, व्हरांड्यात झोपायचो. माझा एक दोस्त जवळच बांधकाम चाललेल्या एका टॉवरच्या साईट ऑफिसात चहापाण्याचं बघायचा. म्हणाला, दुपारी साहेब लोक जेवायला जातात तेव्हा ये, एसीत बसू. गेलो. पाय रुतेल असा गालिचा. कॉफीचं मशीन. भिंतीवर हा मोठा काळापांढरा फोटो: गिरणीची चिमणी, आणि पाळी सुटल्यावर दरवाजातून बाहेर पडणारी माणसांची रांग. फोटोखाली इंग्रजीत ‘वारसा’, ‘परंपरा’ असलं काहीतरी लिहिलेलं. मी त्या रांगेत आज्याचं तोंड शोधत बसलो. सगळ्यांची तोंडं सारखीच दिसत होती. थकलेली.

मधोमध काचेच्या पेटीत प्लॅस्टिकची मुंबई मांडलेली. टॉवरच्या पोटात दिवे. समुद्र निळ्या काचेचा. मला वाटलं, बघू तर आत्याची चाळ कशी केलीय. रस्ता सापडला. नाका सापडला. जांबोरी मैदानाचा अंदाज लागला. आणि चाळींच्या जागी हिरवी मखमल चिकटवलेली. वर टाचणीएवढी झाडं. वरळीच्या १२१ चाळी, एकेका चाळीत ८० खोल्या, त्यातली माणसं, विहार, निळे झेंडे, जयंतीची वर्गणी मागणारी पोरं, सगळं त्या मखमलीखाली.

मी दोस्ताला म्हणालो, अरे, आम्ही कुठायत ह्यात?

तो हसला. म्हणाला, गिऱ्हाईक खिडकीशी उभं राहून विचारतं ना, समोर ते काय आहे? मग सेल्सवाल्यांना शिकवून ठेवलंय. सांगायचं, ते सगळं जाणारंय.

जाणारंय. हा एक शब्द घेऊन मी त्या एसीतून उन्हात आलो.

आता प्रश्न असा. त्या पुठ्ठ्याच्या खेळण्यानं कुणाला मारलं का? नाही. कुणाचं घर जाळलं का? नाही. चाळ तेव्हा जागेवर उभी होती आणि आत्या संध्याकाळच्या पाण्याला भांडी लावत होती. मग माझ्या पोटात जे तुटलं ते काय होतं? कायद्याच्या भाषेत विचाराल तर काहीच झालं नाही. २०१६ साली घरविक्रीचा नवा कायदा आला, रेरा. त्यात खोट्या जाहिरातीनं फसलेल्या गिऱ्हाइकाला भरपाई मागता येते. चटईक्षेत्र कमी भरलं तर दाद मागता येते. चांगला कायदा आहे. पण त्यात बाजू दोनच, विकणारा आणि घेणारा. जाहिरातीत ज्याची वस्ती पुसली तो तिसरा माणूस तिथं नाहीच. त्यानं कुणाकडं जायचं आणि काय सांगायचं? साहेब, मला ह्यांनी दाखवलं नाही?

हसू नका. आपल्या बापजाद्यांची सगळी तक्रार ह्याच जातीची होती. मारझोड रोज होत नव्हती. रोज जे होत होतं ते हेच, समोरून जाणारा माणूस न दिसल्यासारखं करायचं.

आता नावाकडं येतो. लोअर परळ हे नाव तुम्हांला माहीत आहे. काही वर्षांपासून जाहिरातवाल्यांनी त्याला ‘अप्पर वरळी’ म्हणायला सुरुवात केली. वडाळ्यात उभ्या राहिलेल्या टॉवरांना ‘न्यू कफ परेड’ नाव मिळालं. कफ परेड कुठं, वडाळा कुठं! लोकांनी चेष्टा केली, पेपरात गमतीनं छापून आलं, संपलं. मला त्यात गंमत वाटत नाही. ‘लोअर’ म्हणजे खालचा. गावाकडं वरची आळी असती आणि खालची आळी असती, आणि त्या खालच्याच्याही पलीकडं, पाणी वाहून जातं त्या अंगाला, आपण. ‘खालचं’ हा शब्द ऐकला की ज्याच्या अंगाला मुंग्या येतात त्या माणसाला बिल्डर बरोबर ओळखतो. त्याला घर कमी आणि वर असल्याचा दाखला जास्त हवा असतो. इंग्रजानं रेल्वेच्या सोयीसाठी दिलेला ‘लोअर’ हा शब्द ह्यांच्या मेंदूत जाऊन खालची आळी होतो. आणि मग चौरस फुटाला हजारो रुपये मोजून तो शब्द पुसून घेतात.

इथं कोणी कार्यकर्ता मला अडवील, आणि अडवायलाच पाहिजे. तो म्हणेल, नाव बदललं तर बिघडलं काय? आपण नाही बदलली? १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण धर्मच बदलला. आजोबांनी आडनावं बदलली. २०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारनं जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर यावं म्हणून. तेव्हा आपण पेढे वाटले. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी २०१८ ला झालं. डिलाईल रोडला सरकारी कागदात केव्हापासून ना. म. जोशी मार्ग म्हणतात, म्हातारी माणसं अजून डिलाईल रोडच म्हणतात, कुणाचं अडत नाही. मग बिल्डरनं अप्पर वरळी म्हटलं तर ह्याचं एवढं का दुखतं?

ह्या प्रश्नानं मला बरेच दिवस गप्प केलं होतं. उत्तर सापडलं ते मराठवाड्यात. एका विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला, आणि नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. साडेपंधरा वर्षं. मधे घरं जळली, पोचिराम कांबळे मारले गेले, गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. एका नावासाठी. नाव म्हणजे काय चीज आहे हे ज्यांना कळतं त्यांनीच ती आग लावली होती, हे ध्यानात घ्या. त्यांना पक्कं ठाऊक होतं की पाटीवरचं नाव बदललं की पाटीखालून जाणाऱ्या माणसाची मान बदलते. आणि इकडं एका आख्ख्या भागाचं नाव जाहिरात कंपनीतला एक पोरगा टेबलावर बसून दुपारच्या चहाआधी बदलतो. ठराव नाही, मोर्चा नाही, रक्त नाही. त्या भागात राहणाऱ्या एकालाही विचारलेलं नाही.

नाव बदलण्यातलं बरंवाईट मी आता असं मोजतो: ते नाव सोसलं कुणी, आणि बदललं कुणी? महारवाडा हे नाव आपण सोसलं, ते टाकायचा हक्क आपला. ‘लोअर’ असण्याचं ओझं लोअर परळच्या चाळकऱ्यानं कधी वाहिलंच नाही. तो अभिमानानं गिरणगाव म्हणायचा. लाज त्याची नव्हती. ती बाहेरून येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मनात आधी पेरली, मग तिच्यावरचं औषध म्हणून टॉवर विकला. आणि हे मखमलीचं काम बिल्डर एकटाच करतो असंही नाही. २०२२ साली बी.डी.डी. चाळींच्या तीन वसाहतींना तीन मोठ्या पुढाऱ्यांची नावं जाहीर झाली. शंभर वर्षं ज्यांनी त्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत बिऱ्हाडं केली, त्यांना तेव्हा तरी कुणी विचारलं? हा आपला घरचा आहेर, तोही घ्या.

आता बडोद्याला चला, १९१७ साली. तिथं जायचं कारण एक रजिस्टर आहे. परदेशातून एवढा शिकून आलेला माणूस नोकरीसाठी बडोद्यात उतरतो आणि त्याला राहायला जागा मिळत नाही. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून बाबासाहेब राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन जमाव आला आणि त्यांना तिथून निघावं लागलं. बागेत जाऊन बसले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, म्हणून आपल्याला कळतं.

बाबासाहेबांना खोटं नाव लिहावं लागलं, हे वाचून मी लहानपणी दचकलो होतो. तेव्हा मला राग बाबासाहेबांच्या बाजूनं आला आणि थोडा, लाज वाटते सांगायला, बाबासाहेबांवरही आला. आता वाटतं, प्रश्न नाव लिहिणाऱ्या हाताचा नव्हता, रजिस्टरचा होता. खरं नाव लिहून जिथं खाट मिळत नाही असं रजिस्टर ज्यानं ठेवलं, खोटं त्याचं.

हे मी माझ्या चुलतभावामुळं शिकलो. दादा बँकेत अधिकारी आहे. २०२१ साली त्यानं ठाण्याच्या घोडबंदर रोडला एका टॉवरात फ्लॅट घेतला. वास्तूला आम्ही सगळे गेलो, म्हणजे वास्तू नाही, वंदना होती, पण शेजाऱ्यांना त्यानं वास्तू सांगितलं. हॉलमध्ये भिंतीवर सूर्यास्ताचं चित्र. मी बाबासाहेबांचा फोटो शोधत आतल्या खोलीत गेलो. वहिनीनं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला बाबासाहेब, रमाई आणि तथागत. कपाट लावलं की अंधारात.

मी तिथंच भांडलो. जेवलो नाही. बोलू नये ते बोललो. दादा एवढंच म्हणाला, “दलालानं सतरा घरं दाखवली. सोळा ठिकाणी पहिला सवाल आडनाव. तू भिवंडीत कारखान्याच्या माळ्यावर झोपतोस, तुला कोण विचारतंय?” खरं होतं. मी खाली आहे म्हणून मला कुणी विचारत नाही. वर चढणाऱ्याला दारात अडवतात.

दादाला मी चळवळीचा गद्दार म्हणालो होतो. तो शब्द मी ह्या पानावर परत घेतो. पण कपाटाचं दार मला अजून पटत नाही, हेही लिहून ठेवतो. बाबासाहेबांनी बडोद्याची गोष्ट दडवली नाही, जगापुढं मांडली. आणि पुढं १९३४ च्या सुमाराला परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्या सोडून ते कुठं राहायला गेले? दादरला, हिंदू कॉलनीत! स्वतःच्या नावानं, स्वतःच्या पैशानं, आणि पुस्तकांसाठी म्हणून बांधलेल्या घरात. राजगृह. घराच्या रचनेतून माणूस काय सांगू शकतो हे बघायचं असेल तर ते घर बघा. दादाकडं हॉल आहे, भिंत आहे, खिळा ठोकायला हातोडीही आहे. पण माझा त्याच्याशी वाद आता भाऊ म्हणून आहे. न्याय करायला बसायचं तर आधी त्या सोळा घरांचा करू.

पैशाला जात नसते, असं टॉवरवाले म्हणतात. ज्याच्याकडं पैसा त्याला दार उघडं. दादाच्या गोष्टीनंतर हे मी ऐकून घेत नाही. तरी वादापुरतं मान्य करू. गावकुसाच्या बाहेर जन्मानं ठेवत होते, गेटच्या बाहेर पैशानं ठेवतात, म्हणून गेट कमी पापी, असं समजू. मग रचना बघा. महागड्या फ्लॅटांचे नकाशे आमचा दोस्त घरी आणायचा, मागची कोरी बाजू मी कवितेला वापरायचो. एक दिवस पुढची बाजू वाचली. घरात चार संडास. तरी नोकरासाठी पाचवा वेगळा, स्वयंपाकघराच्या मागं, बाहेरून दार. नोकराची लिफ्ट वेगळी. त्यातूनच कचरा खाली जातो. माझ्या आत्याची सून अशाच एका टॉवरात स्वयंपाक करते. तिच्या हाताची पोळी चालते, तिची भाकरी त्यांना कौतुकाची, पण पुढच्या लिफ्टमध्ये ती शेजारी उभी राहिलेली चालत नाही. ही कोणती पैशाची भाषा आहे, सांगा! हे धोरण कोणत्या अर्थशास्त्राच्या पुस्तकातलं आहे?

आणि जुन्या चाळीच्या जागेवर टॉवर होतो तेव्हा दोन इमारती होतात. त्यांच्या बोलीत एक ‘रिहॅब’, एक ‘सेल’. रिहॅब म्हणजे जुने भाडेकरू, फुकटातले. सेल म्हणजे विकत घेणारे. पुष्कळ ठिकाणी गेट दोन, लिफ्टा वेगळ्या, बाग आणि पोहायचा तलाव सेलच्या अंगाला, आणि रिहॅबच्या खिडक्या एकमेकींच्या तोंडात. फुकटात घर दिलंय ना, मग आणखी काय पाहिजे, हा त्यावरचा जबाब. फुकट! त्या जागेवर चाळकरी शंभर वर्षं राहिला म्हणूनच बिल्डरला वर बांधायला जादा चटईक्षेत्र मिळतं. सेलचा एकेक मजला रिहॅबवाल्याच्या डोक्यावर उभा आहे. मग कोण कुणाला फुकट देतंय?

गिरण्यांच्या जमिनीचं तर सगळं उघड आहे. १९९१ च्या नियमात लिहिलं होतं, गिरणीची जमीन विकसायची तर तीन वाटे. एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक स्वस्त घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियमाला एक दुरुस्ती झाली: वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेची. गिरणीची इमारत पाडून जी जागा मोकळी होईल ती धरायची नाही. एका शब्दाच्या अर्थात एकरच्या एकर गेले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती कायम केली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात जे अडीच लाख कामगार बाहेर पडले त्यांच्यातल्या पुष्कळांचे वारस अजून घराच्या सोडतीची वाट बघतात, आणि सरकार त्यांना शेलू-वांगणी दाखवतं. चिमण्या मात्र काही ठिकाणी शाबूत ठेवल्यात. फिनिक्स मिलची मॉलमध्ये उभी आहे, पोरं तिच्याखाली फोटो काढतात. धूर नसलेली चिमणी फार देखणी दिसते.

म्हणून मग आपणही चाळीच्या नावानं रडायचं का? मला सावध व्हावंसं वाटतं ते इथं. हल्ली पांढरपेशे लेखक ‘चाळसंस्कृती गेली’ म्हणून गळे काढतात. कुणाची संस्कृती? माझा आजा गिरणीत त्रासनखात्यात होता. त्याच्या आधीच्या पिढीला साचाखात्यात पाऊल टाकू देत नव्हते. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलली की सूत तोंडानं ओढून घ्यावं लागायचं, आणि आपल्या तोंडाचा धोटा मराठा साचेवाला कसा तोंडाला लावणार! मजुरी साचाखात्यात जास्त होती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला होता. त्याच वरळीत, त्याच बी.डी.डी. चाळींत, १९७४ च्या जानेवारीत काय झालं ते तुम्हांला मी सांगायला नको. एका चाळीतून दुसऱ्या चाळीवर दगड येत होते. दहा जानेवारीला परळच्या मोर्चात भागवत जाधव पडले. फेकणारे हात कामगारांचेच होते. ही पण चाळसंस्कृती. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याच्या गोडव्यांचं जे केलं, तेच आपण चाळीच्या गोडव्यांचं केलं पाहिजे.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं. आत्याकडून शिव्या खाऊन कळलं. तिची चाळ रिकामी करायची नोटीस आली तेव्हा मी तिला एक कविता वाचून दाखवली, चाळीवरची, भिंतींचे हुंदके वगैरे. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “आरं, भित्तीचं हुंदकं ऐकलंस, माजं कधी ऐकलंस का? चाळीस वरीस रातच्याला संडासाला जाया सासूला उठवत व्हते. बाळंतपणात सुदिक व्हरांडा तुडवत. तुला चाळ पायजेल तर तू ऱ्हा तितं.” कविता मी खिशात घातली. छापायला पाठवली नाही.

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या वाटल्या. आत्याला त्यात मिळाली. पाचशे चौरस फूट, संडास आत, नळाला पाणी. तिनं पहिल्या दिवशी संडासाचं दार चार वेळा उघडून लावलं. हॉलच्या समोरच्या भिंतीवर, दार उघडलं की पहिलं दिसेल असा, बाबासाहेबांचा फोटो. हातभर फ्रेम. कुणी दलाल आडनाव विचारायला आला नाही, कारण हक्कानं मिळालंय. म्हणजे घर कसं मिळालं ह्यावर भिंत ठरते. दादाला हे सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, आत्याला म्हणावं मेंटेनन्स किती येणार ते आत्ताच विचारून घे. तेही खरं. पाचशे फुटांचं घर मिळून महिन्याचा खर्च झेपला नाही म्हणून ते भाड्यानं देऊन बदलापूर-विरारला गेलेली माणसं आपण दुसरीकडं पाहिलीत. त्या हिरव्या मखमलीतला ‘जाणारंय’ असाही खरा होऊ शकतो, कुणी हात न लावता.

तुम्ही म्हणाल मग करायचं काय? मी संघटनेचा माणूस नाही, सायझिंगवाला आहे. मला इतकंच दिसतं की रिहॅब-सेलच्या दोन गेटांवर आपल्या एकाही मोर्चात बोललं जात नाही. आपण घराचे चौरस फूट मागतो आणि घरी येतो. गेट एक करा, लिफ्ट एक करा, बाग एक करा, ही मागणी कुठल्याच पत्रकात मी वाचलेली नाही. पाणवठा आणि देऊळ ह्यांच्यासाठी ज्यांनी सत्याग्रह केले त्यांची आपण पोरं. महाडला पाणी कमी होतं म्हणून गेलो नव्हतो. आणि जाहिरातीत आपल्या आज्याचा फोटो लावणारा त्याच्या नातवाच्या चाळीवर मखमल घालत असेल, तर त्या साईट ऑफिसात दहा पोरांनी जाऊन नुसतं विचारावं, आमची चाळ दाखवा. दगड नको, घोषणा नको. नुसतं पेटीजवळ उभं राहून शोधत बसावं. मी एकटा होतो, मला ते जमलं नाही. दोस्ताची नोकरी जाईल म्हणून मागच्या दारानं निघून आलो.

मागल्या महिन्यात सुट्टी काढून आत्याकडं गेलो होतो. खिडकीतून तो २०१९ चा टॉवर दिसतो. आता पूर्ण झालाय, रात्री वरच्या बऱ्याच मजल्यांवर अंधार असतो, घेऊन ठेवलेत, राहत कोणी नाही. तिच्या मजल्यावरच्या लोकांची व्हरांड्यात, म्हणजे आता त्याला लॉबी म्हणतात, तिथं बैठक चालली होती. इमारतीला आपसात काहीतरी नाव ठेवायचं. नव्या पोरांना ‘हाइट्स’ पाहिजे शेवटी, म्हणजे पत्ता सांगताना बरं वाटतं, कामाला अर्ज करताना चाळ म्हटलं की तोंड वाकडं करतात. बायकांचं म्हणणं, रमाईचं नाव द्या. एक म्हातारे ‘बी.डी.डी.’ हीच अक्षरं राहू द्या म्हणून अडून बसलेले. मराठा बिऱ्हाडांची तिसरीच यादी. कागद सह्यांसाठी फिरत होता. आत्यानं तो माझ्या हातात दिला, वाच म्हणाली. मी सगळी नावं मोठ्यानं वाचली. तिनं पेन घेतलं, हॉलमधल्या फोटोकडं एकदा बघितलं, आणि कागद घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवला.

“सही?” मी विचारलं.

“रविवारी बगू,” म्हणाली. “समद्यानला बोलवलंय. खालच्या वाचमनला बी.”